आधी बॉडी की आधी वायरी? 1968 च्या डॉज चार्जरचे अचूक मॉडेल

पानापकड (धागाकर्ता)

मागील आठवड्यात येथील एका सदस्यांनी लिहिले की, गाडीच्या ज्या छोट्या प्लास्टिक मॉडेलच्या इंजिनावर स्पार्क प्लगच्या आठही वायरी योग्य क्रमाने जोडलेल्या नाहीत ते मॉडेल नसून खेळणे आहे, आणि अशा कामाला कोणी अचूक म्हणू नये. त्या विधानाला मिळालेली वाहवा पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझे म्हणणे असे आहे की, 1968 ची चार्जर ही आधी तिच्या बॉडीमुळे चार्जर आहे. दारामागे आत गेलेली आणि मागच्या चाकांवर पुन्हा फुगलेली कडेची रेषा, टपाच्या दोन उतरत्या बाजूंच्या मध्ये खोल बसवलेली मागची काच, दारांवरचे खोलगट ठसे आणि पुढच्या जाळीत झाकून ठेवलेले दिवे, या गोष्टी चुकल्या तर टोपणाखाली (बॉनेटखाली) तुम्ही कितीही तारा ओवा, समोर उभी असलेली गाडी ती नसते. मूळ गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर) 117 इंच, म्हणजे सुमारे 2972 मिलिमीटर आहे. 1:25 प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाच्या मॉडेलमध्ये, तो 118.9 मिलिमीटर भरतो आणि 1:24 मध्ये 123.8. हा जवळजवळ पाच मिलिमीटरचा फरक आहे, आणि तरीही 1:24 च्या किटमधील (जोडायच्या सुट्या भागांच्या पेटीतील) चाके व सीट 1:25 च्या बॉडीत बसवून, वर इंजिनाच्या वायरींचे फोटो मोठे करून टाकणारे लोक मी येथेच पाहिले आहेत. टायरांबद्दल तर बोलायलाच नको. आर/टी ही चार्जरची जास्त शक्तीची आवृत्ती कारखान्यातून 14 इंची रिमवर, एफ 70 मापाच्या, लाल किंवा पांढरी रेघ असलेल्या टायरांवर बाहेर पडत असे. ती रिम 1:25 मध्ये साधारण 14.2 मिलिमीटर व्यासाची होते. तिच्या जागी रुंद, चपटी, आजच्या काळातली चाके लावली की गाडीची बैठकच बदलते, आणि ते कोणाला खटकत नाही. खटकते ती न दिसणारी वायर.

ज्याला वायरी लावायच्या असतील त्याने अवश्य लावाव्यात. पण ज्याने महिनाभर टपाची रेषा घासून जुळवली, त्याच्या कामाला खेळणे म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

फेंडरटॅग

ज्यांच्या विधानावर हा धागा निघाला तो मीच, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

पानापकड यांनी बॉडीची जी स्तुती केली ती मला मान्य आहे, परंतु ती बॉडी त्यांनी घडवलेली नाही. ती साचा बनवणाऱ्यांनी घडवली. डेट्रॉइट परिसरात एएमटी, एमपीसी आणि जोहान या कंपन्या ज्या काळात दरवर्षीच्या नव्या गाड्यांची किट काढत, तेव्हा मोटार कंपन्यांकडून मिळणाऱ्या नकाशांवर त्यांचे साचे होत. पुढच्या वर्षी तोच साचा कोरून नव्या वर्षाची गाडी केली जाई आणि आधीचे रूप कायमचे जाई. म्हणजे बॉडी अचूक आहे की नाही हा बहुतांशी साच्याच्या नशिबाचा भाग आहे. मॉडेल करणाऱ्याची स्वतःची कमाई ती पेटीत नसलेल्या गोष्टींत दिसते.

मी मॉडेल करतो ते 'एखाद्या चार्जरचे' करत नाही. मी एका विशिष्ट गाडीचे करतो. चेसी क्रमांकाची सुरुवात एक्सएस29एल8 अशी असेल, तर ती 1968 ची आर/टी आहे आणि टोपणाखाली 375 अश्वशक्तीचे 440 मॅग्नम इंजिन आहे, हे ठरले. मग इंजिन फिरोजी रंगाचे हवे, कारण त्या वर्षी नारिंगी रंग हेमी या दुसऱ्या इंजिनाचा होता. डिस्ट्रिब्युटर (प्लगना क्रमाने वीज वाटणारा भाग) पुढच्या बाजूला हवा, कारण शेवरलेच्या इंजिनाचा मागे असतो आणि घाईत लोक त्याच सवयीने मागे भोक पाडतात. वायरींचा क्रम 1-8-4-3-6-5-7-2 असा हवा. मूळ वायर 7 मिलिमीटर जाडीची असल्याने मॉडेलमध्ये 0.28 मिलिमीटरची तार हवी. बाजारात सहज मिळणारी अर्ध्या मिलिमीटरची तार म्हणजे खऱ्या गाडीत साडेबारा मिलिमीटरचा नळ झाला. हे सगळे शोधावे लागते, पेटीत मिळत नाही. ज्याला शोधायचे नाही त्याने टोपण बंद ठेवावे.

पानापकड

'बॉडी तुम्ही घडवलेली नाही' हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे.

किटमधील प्लास्टिकची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते. 25 ने गुणा: साडेसदतीस मिलिमीटर जाडीचा पत्रा. खरा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास. चाकाच्या कमानीची कड आतून धारदार पात्याने खरवडत, मधूनमधून उजेडासमोर धरून प्लास्टिक अर्धपारदर्शक दिसू लागेपर्यंत पातळ करावी लागते, आणि बाहेरची कड त्याच वेळी वेडीवाकडी होऊ द्यायची नसते. साच्याच्या दोन भागांचा सांधा पुढच्या मडगार्डच्या नेमक्या धारेवरून जातो. तो घासताना धार बोथट झाली की ती परत आणायला पुट्टी भरून पुन्हा घासावे लागते. दारांच्या फटी खऱ्या गाडीत पाच-सहा मिलिमीटर असत, म्हणजे मॉडेलमध्ये जेमतेम 0.2, त्या खोल कराव्या लागतात पण रुंद होऊ द्यायच्या नसतात. हे काम साच्याने केलेले नसते. ते फोटोत दिसत नाही, एवढाच त्याचा दोष आहे.

शाईनिळी

दोघेही महत्त्वाच्या गोष्टीला हात न लावता भांडत आहात. मी गेली अनेक वर्षे डेट्रॉइटजवळ राहते आणि मॉडेलच्या प्रदर्शनांना जाते. तेथे टेबलावर मांडलेली प्रत्येक चार्जर काचेच्या बरणीसारखी चकाकत असते, आणि 'कारखान्यातून निघाली तशी' अशी पाटी तिच्यापुढे ठेवलेली असते. हे धादांत असत्य आहे.

त्या काळात गाड्यांच्या रंगासाठी जनरल मोटर्स ॲक्रिलिक लॅकर वापरत असे आणि डॉज बनवणारी क्रायस्लर इनॅमल, तेही एकाच थराचे, भट्टीत भाजलेले. वरून पारदर्शक क्लिअर कोट नसे. माझे काका शिक्षणासाठी डेट्रॉइटला आले होते आणि पहिली नोकरी लागल्यावर त्यांनी गडद हिरवी 1968 ची चार्जर जुन्या बाजारात घेतली. मूळ रंगावर होती. ते सांगत की टोपणावर वाकून पाहिले तर चेहरा दिसे, पण रेषा थरथरत्या. दारांच्या खालच्या कडेला रंग पातळ पडलेला आणि मागच्या डिकीच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या नव्हत्या. आज पुनरुज्जीवित केलेल्या ज्या गाड्यांचे फोटो पाहून आपण मॉडेल करतो, त्यांच्यावर क्लिअर कोटचे थर आहेत आणि त्यांच्या फटी कारखान्याने कधी जुळवल्या नव्हत्या इतक्या जुळवलेल्या आहेत. आपण 1968 ची नक्कल करत नाही, अलीकडच्या वर्कशॉपची करतो.

आरसपानी

शाईनिळी यांच्या काकांविषयी आदर राखून सांगतो, की आठवण हा पुरावा नव्हे. आठ-दहा वर्षे उन्हापावसात राहिलेली गाडी कारखान्यातून निघताना कशी होती, हे त्यावरून ठरत नाही.

दुसरे, आणि याचे उत्तर मला हवे आहे. रंगाचा तो खडबडीतपणा खऱ्या गाडीवर दोन-चार मिलिमीटरच्या लाटांचा असतो. 25 ने भागा. डोळ्याला न दिसणारी गोष्ट मॉडेलवर दाखवायची म्हणजे ती पंचवीस पटींनी मोठी करायची. तेव्हा 1:25 मध्ये गुळगुळीत पृष्ठभाग हाच अचूक पृष्ठभाग आहे. मी बारीक पॉलिश कापडाने शेवटपर्यंत घासतो आणि त्याची मला लाज वाटत नाही.

शाईनिळी

माझ्या काकांनी गाडी घेतली तेव्हा ती तीन वर्षांची होती, आठ-दहा नव्हे. न विचारता वय वाढवून एखाद्याची साक्ष मोडीत काढणे हा वादाचा कोणता प्रकार आहे, हे आपणच ठरवा.

लाटांचे गणित मात्र बरोबर आहे. ते नाकारता येत नाही, म्हणून मान्य करते. परंतु त्याच गणिताने आपला क्लिअर कोट बाद होतो. रंग, क्लिअर आणि पॉलिश मिळून आपला थर 100 मायक्रॉनचा धरला, तरी खऱ्या गाडीवर तो अडीच मिलिमीटर जाड होतो. दारांच्या ठशांची धार, टपाशेजारची पन्हाळ आणि 0.2 मिलिमीटरच्या फटी त्याखाली बुजतात. चमक गुळगुळीतपणामुळे येते तेवढी येऊ द्या. जाडीमुळे येणारा तो ओला, खोल देखावा चार्जरवर कधीच नव्हता. आणि धातूसारखी चमक असलेल्या मेटॅलिक रंगांचे काय? ॲल्युमिनियमचे कण 25 पटींनी लहान होत नाहीत. खऱ्या गाडीचा निळा मेटॅलिक रंग जसाच्या तसा बाटलीतून फवारला, तर मॉडेलवर प्रत्येक कण खड्यासारखा दिसतो. रंगाचा कारखान्यातील संकेतांक जुळला म्हणजे रंग जुळला असे नाही.

मुठाकाठ

अमेरिकेत बसून क्लिअर कोटवर वाद घालणे सोपे आहे. आम्ही पुण्यात काय करावे? ज्वालाग्राही म्हणून स्प्रेचे डबे विमान टपालाने येत नाहीत, आणि समुद्रमार्गे कोणी पाठवत नाही. त्यामुळे गाड्यांना रंग देणाऱ्यांच्या दुकानातून रंग मिसळून घ्यावा लागतो. त्यातले थिनर इतके तीव्र असते की प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पुरेसा नसेल तर प्लास्टिकवर जाळीदार भेगा उमटतात. एका दुकानदाराने मला हमी देऊन दिलेल्या थिनरने एक संपूर्ण टप वाया गेले. पातळ थर देण्याचा उपदेश मला पटतो, पण आमच्याकडे पातळ प्रायमरवर तीव्र थिनर म्हणजे बॉडी गेलीच. प्रायमरचे हलके, कोरडे दोन-तीन हात, मध्ये दिवसभराची विश्रांती, आणि मगच रंग: यात जाडी वाढतेच. तिला अचूकतेचा अभाव म्हणण्याआधी साहित्याची परिस्थिती पाहावी.

आरसपानी

वयाबाबत मी गृहीत धरायला नको होते, एवढे मान्य. कण मोठे दिसतात हेही मान्य, आणि त्यासाठीच मी बारीक कणांचा वेगळा चंदेरी रंग मिसळतो. परंतु जाडीचा आपला आकडा प्रत्येक मॉडेलला लागू नाही. पारदर्शक थर दिल्यावर त्यातला बराचसा मी घासून काढतो, म्हणून शेवटी उरतो तो थर आपण म्हणता त्याच्या निम्म्याहून कमी असतो.

शाईनिळी

घासताना थर प्रथम धारांवरून जातो आणि खोलगट भागात तसाच राहतो. म्हणजे जेथे जाड नको तेथेच तो जाड उरतो. आपल्या मागच्या फोटोत डाव्या बाजूची पेट्रोल टाकीची टोपी पाहा. बॉडीत रंगात बुडाल्यासारखी दिसते. ती टोपी बॉडीवर स्पष्ट उठून दिसणारी चंदेरी चकती आहे, आणि ती रंगानंतर लावली असती तर हा प्रश्नच आला नसता.

फेंडरटॅग

रंगाची चर्चा मूळ प्रश्नापेक्षा मोठी झाली, पण तिने माझेच म्हणणे सिद्ध केले. एकाच थराचे इनॅमल होते, हे शाईनिळी यांनी शोधले म्हणून त्यांना कळले. मी वायरींबाबत तेच मागत होतो: शोधा, मग करा.

पानापकड यांचे चाकांच्या कमानींचे वर्णन वाचून मी माझे जुने मॉडेल कपाटातून काढून पाहिले. कडांबाबत त्यांचे म्हणणे रास्त आहे, यापुढे मी त्यावर वाद घालणार नाही. पण 'खेळणे' हा शब्द मी मागे घेणार नाही; त्याला अट जोडतो. टोपण बंद असेल, तर बॉडीवरूनच न्याय करा. टोपण उघडे ठेवून 440 म्हणून नारिंगी इंजिन दाखवणार असाल, तर बॉडी कितीही पातळ केलेली असो, मी बोलणारच. शेपटीकडच्या दिव्यांबाबतही तेच: 1968 ला चार गोल दिवे आहेत आणि 1969 ला दोन लांबट. मागच्या बाजूच्या रंगीत पट्ट्यांचेही तसेच: 1968 चे दोन सारख्या रुंदीचे, 1969 चा मधला रुंद आणि दोन्ही कडांना बारीक. या धाग्यात आतापर्यंत आलेल्या फोटोंपैकी एकात गोल दिव्यांवर 1969 चे पट्टे आहेत.

पानापकड

तो फोटो माझा नाही, हे आधी नोंदवतो. अट मला अर्धी मान्य आहे. बंद टोपणाची गाडी बॉडीवरून तपासायची, हे मी पहिल्या परिच्छेदापासून सांगत आहे. उघड्या टोपणाची गाडी मात्र बॉडी आणि इंजिन दोन्हींवरून तपासली जाईल, केवळ वायरींवरून नाही. आपल्या कपाटातील मॉडेलची कमान आणि व्हीलबेस मोजून आकडे येथे द्यावेत. 118.9 आला, तर वायरींच्या जाडीवर पुढे बोलू.