आवडता अ‍ॅनिमेशन स्टुडिओ कोणता, आणि तो वेगळा का? (अनुभव धागा)

रंगपेटी
काल चॅनल बदलताना ‘तोतोरो’तलं पावसातल्या बसथांब्याचं दृश्य लागलं आणि दूरदर्शनवरचे रविवार आठवले. तेव्हा कार्टून म्हणजे कार्टून, ते कुठल्या स्टुडिओचं हे कोण बघतंय! आता पाट्या यायच्या आधीच चार फ्रेममध्ये हात ओळखू येतो. म्हणून धागा काढला. अट एकच, ‘गोष्ट फार गोड आहे’ एवढ्यावर सोडू नका. तिथे काम कसं होतं, त्यामुळे पडद्यावर काय वेगळं दिसतं ते लिहा. घरी करून बघणाऱ्यांनी तर लिहाच.

सुरुवात मीच करते. जपानची जिब्ली, १९८५. ‘तोतोरो’त पात्रांवरचा रंग सपाट आहे, फार तर एक सावली. मागची झाडं मात्र काझुओ ओगांनी पोस्टर कलरमध्ये पानापानाने रंगवलेली. खरं तर पात्रं वरून चिकटवल्यासारखी दिसायला हवीत. तशी दिसत नाहीत, त्याचं मोठं श्रेय रंगयोजना करणाऱ्या मिचियो यासुदांचं. संध्याकाळ झाली की कपड्यांचा, त्वचेचा, केसांचा अख्खा रंगसंच बदलतो, नुसता वरून निळा थर येत नाही.

आणि मेहनत. ‘मोनोनोके’ला (१९९७) सुमारे १,४४,००० सेल (पारदर्शक प्लॅस्टिकवर रंगवलेली चित्रं) लागले, त्यातली ८०,००० च्या आसपास चित्रं दिग्दर्शक मियाझाकींनी स्वतः तपासली किंवा सुधारली. ‘पोन्यो’ला (२००८) जवळपास १,७०,००० चित्रं, कारण समुद्रसुद्धा पेन्सिलनेच काढायचा हट्ट. ‘द विंड रायझेस’मध्ये गर्दीचं चार सेकंदांचं एक दृश्य आहे, त्याला एका अ‍ॅनिमेटरचे १५ महिने गेले. स्टोरीबोर्ड (दृश्यांचा चित्रांतला आराखडा) पूर्ण व्हायच्या आधीच अ‍ॅनिमेशन सुरू करायची मियाझाकींची पद्धत. याची नक्कल कुणी करू नये. शेवट माहीत असलेला माणूस एकच, आणि तोच सगळं तपासायला बसलेला, म्हणून तिथे ते निभतं.

चिकणमाती
आर्डमन! ब्रिस्टल, १९७२. वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट, मातीच्या बाहुल्यांवाले.

बोटांचे ठसे मुद्दाम ठेवतात ते लोक, गुळगुळीत करत बसत नाहीत. पण एक गैरसमज काढून टाका, आख्खी बाहुली मातीची नसते. आत सांध्यांचा धातूचा सांगाडा, अंगाला बऱ्याचदा सिलिकॉन किंवा फोम लॅटेक्स, आणि माती चेहरा-हातांसारख्या जिथे सतत बदल करायचा तिथे. अंगही मातीचं केलं तर दर फ्रेमला दाबून दाबून शर्टाच्या बाह्या वितळल्यासारख्या दिसतात. बोलण्यासाठी तोंडांचा संच आधीच तयार असतो, आ, ई, ओ, फ, म वगैरे. दर अक्षराला तोंड बदललं की कडा बोटाने मिटवायची.

ग्रोमिटला तोंडच नाही. सगळा अभिनय कपाळाच्या एका वळीवर आणि कानांवर. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं की ‘वैतागला’चं ‘घाबरला’ होतं.

‘कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’ला (२००५) २.८ टन प्लॅस्टिसिन (न वाळणारी माती) लागलं होतं. एका अ‍ॅनिमेटरचं दिवसाचं काम दोन-तीन सेकंद.

बटाटेवडा_प्लस
२.८ टन!! आमच्याकडे सोफ्याखाली निघते तेवढीच असेल अजून :)

निवांत
हसून हसून पुरेवाट

मधली_सुट्टी
चिकणमाती, मुलीला सुट्टीत हे करायचंय. बाजारात मिळते ती कुठली क्ले घ्यायची? गेल्या वेळची दुसऱ्या दिवशी दगड झाली. आणि व्हिडिओ सारखा लुकलुकतो.

चिकणमाती
ताई, दगड झाली म्हणजे पाण्यातली क्ले होती, ती वाळते आणि तडकते. पाकिटावर ‘नॉन ड्राइंग’ किंवा ऑइल बेस्ड लिहिलेली घ्या. पांढरा आणि पिवळा रंग सगळ्यात आधी मळायचा, काळा-लाल शेवटी, मध्ये ओल्या वाइपने हात पुसायचे, नाहीतर सगळं राखाडी होतं. एप्रिल-मेमध्ये बाहुली मान टाकते, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं.

सांगाड्याला १.५ मिमीची अ‍ॅल्युमिनियमची तार, दुहेरी पीळ देऊन. लोखंडी तार उलटी उसळते. तांब्याची वाकवून वाकवून कडक होते आणि तुटते. मांडी, पोटरी, दंड या ‘हाडां’वर एम-सील लावायचं, दोन्ही भाग सारखे मळून, रात्रभर सुकू द्यायचं. सांधे उघडे ठेवायचे. तार पहिल्यांदा तुटते ती घोट्याला, कारण सगळं वजन तिथे, म्हणून तिथे तिसरा पीळ द्या. पायात नट बसवून खालच्या फळीतून बोल्टने कसलंत तरच बाहुली एका पायावर उभी राहते. चालवायचीच नसेल तर तळाला नुसती जाड माती पुरे.

फ्रेमोफ्रेम
लुकलुकण्याचं मी सांगतो. कारणं चार आणि बहुतेकांकडे चारही असतात.

एक, फोन दर फोटोला उजेड स्वतः ठरवतो. पडद्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) दोन्हीचं कुलूप लागतं. व्हाइट बॅलन्सपण (रंगाची छटा) मॅन्युअल करा, तो बऱ्याच फोनमध्ये प्रो मोडमध्ये असतो. दोन, खिडकी. ढग सरकला की फ्रेम बदलली. जाड पडदे लावा किंवा रात्री करा. तीन, स्वस्त एलईडी. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर १/५० किंवा १/२५ सेकंद. १/२०० ला ठेवलंत तर कधी उजळ कधी काळपट. चार, तुम्ही स्वतः. पांढरा टीशर्ट घालून बाजूला उभे राहिलात की बाहुलीवर उजेड उडतो. गडद कपडे घाला आणि फोटो घेताना रोज एकाच जागी उभे राहा.

मोठा कॅमेरा असेल तर पाचवं. लेन्सचं छिद्र दर क्लिकला उघडून परत बंद होतं, आणि दर वेळी तंतोतंत तेवढंच होत नाही. उपाय जुनाट आहे. छिद्र ठरवा, प्रीव्ह्यूचं बटण दाबून धरा आणि लेन्स किंचित फिरवून कॅमेऱ्याशी विजेचा संपर्क तोडा. छिद्र तिथेच अडकतं. लेन्स पडणार नाही एवढंच बघा. किंवा सरळ जुनी हाताने फिरवायची लेन्स वापरा.

दहा सेकंदांना १२ फ्रेमच्या हिशेबाने १२० फोटो. मुलांसाठी एवढं बास.

मधली_सुट्टी
वाचनखूण साठवली. पांढरा टीशर्टच होता :(

जुनी_रीळं
सगळे परदेशातच फिरताय म्हणून आपल्या पेडर रोडचं लिहितो. फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग. १९५६ मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स मुंबईत शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली राम मोहन वगैरे मंडळी तयार झाली आणि १९५७ मध्ये जातककथेवरचा ‘द बन्यन डीअर’ आला. चाल पूर्ण डिस्नेची, हरणाच्या खुरापर्यंत वजन जाणवतं. पुढे याच परंपरेतल्या फिल्म बघा, रेषा कमी होत जातात, पात्रं चपटी होतात, हालचाल मोजकी. पैसा नव्हता हे खरं, पण नुसतं तेवढंच कारण नाही. दोन मिनिटांत कुटुंब नियोजन किंवा बचत समजवायची तर खुराचं वजन दाखवून काय करता?

‘एक अनेक और एकता’ (१९७४) याच नजरेने बघा. विजया मुळेंची फिल्म, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. पक्षी जाळं घेऊन उडतात तिथे एकेक पक्षी वेगळा फडफडत नाही, थवा एकच आकार म्हणून चालतो. चित्रं वाचली आणि मुद्दाही तोच होता!

सेलचं कामही सांगतो, आता कुणी करत नाही. पारदर्शक अ‍ॅसिटेटच्या पुढच्या बाजूला रेषा, मागच्या बाजूला रंग. आधी लहान भाग, मग मोठा, म्हणजे उलट्या क्रमाने. चार थर एकावर एक ठेवले तर सर्वांत खालचा काळपट दिसतो, म्हणून तोच शर्ट पहिल्या थरासाठी एका छटेत आणि चौथ्यासाठी दुसऱ्या छटेत मिसळायचा. पात्र थर बदलताना रंगाऱ्याने लक्ष ठेवलं नाही तर शर्ट एकदम उजळतो. पावसाळ्यात रंग वाळत नाही, सेल एकमेकांना चिकटतात, मध्ये कागद घालावा लागतो. आणि जुन्या सेलला व्हिनेगरचा वास यायला लागला की समजा अ‍ॅसिटेट कुजतंय. तो बाजूला काढा, बाकीच्यांनाही लागतं.

काजवा
जुनी_रीळं, दंडवत. फाळके विसरलात मात्र! १९१५ ची ‘आगकाड्यांची मौज’. आगकाड्या एकेक फ्रेमला सरकवून. त्याच्याही आधी वाटाण्याचं रोप कुंडीत लावून रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं, ते बघून पैसे लावणारा तयार झाला. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी एकेक फ्रेम टिपायची युक्ती हातात होती.

जुनी_रीळं
अनुमोदन. फाळकेंचा अख्खा स्टुडिओ म्हणजे घरचीच माणसं. सरस्वतीबाई फिल्म धुवायच्या, भोकं पाडायच्या.

बटाटेवडा_प्लस
अवांतर: पिक्सारवाल्यांनी ‘टॉय स्टोरी २’ चुकून डिलीट केला होता ना?

सर्व्हरवाला
हो, १९९८. कुणीतरी चुकीच्या फोल्डरवर डिलीटची कमांड चालवली आणि लोकांच्या डोळ्यांदेखत पात्रांच्या फाइल गायब व्हायला लागल्या. मशीन ओढून बंद करेपर्यंत बहुतांश गेलं होतं. बॅकअप काढला तर तो कितीतरी दिवस नीट होतच नव्हता, परत आणून कुणी पाहिलाच नव्हता. गॅलिन सुसमन बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, त्यांच्या घरच्या मशीनवर प्रत होती. ते मशीन ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून आणलं.

त्यामुळे अ‍ॅनिमेशन करणाऱ्यांनो, बॅकअप घेतला म्हणजे झालं नाही. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून एक शॉट रेंडर करून (पूर्ण चित्र तयार करून) बघा. टेक्स्चरच्या (पृष्ठभागाच्या चित्रांच्या) फाइलचे पत्ते तुटलेले असतात आणि ते तेव्हाच कळतं.

मधली_सुट्टी
म्हणजे वर्क फ्रॉम होमने वाचवलं. साहेबांना लिंक पाठवते.

सर्व्हरवाला
दिवा घेऊन (म्हणजे गमतीत) पाठवा.

हिरवट
कार्टून सलूनबद्दल कुणीच कसं नाही? आयर्लंडमधलं किलकेनी, १९९९. ‘वुल्फवॉकर्स’ (२०२०) थांबवून थांबवून बघा. शहरातली माणसं जाड, कोनदार रेषेत, जुन्या लाकडी ठशाच्या छपाईसारखी, रंग कधी कधी रेषेबाहेर सरकलेला. जंगलात गेलं की रेषा सैल, खालची कच्ची पेन्सिल तशीच ठेवलेली. मुलगी शहरातून जंगलाची होत जाते तशी तिची रेषाही बदलते. कुणी बोलून दाखवत नाही.

खोलपणा दाखवायला कॅमेरा फिरवत नाहीत, चित्रच चपटं ठेवतात. त्यांच्याच ‘सीक्रेट ऑफ केल्स’पासूनची सवय, जुन्या हस्तलिखितांतून आलेली. चपटं म्हणजे सोपं नव्हे. थ्रीडीत चुकलेला हात वळवून घेता येतो, इथे बाह्याकृती चुकली की पात्र मेलं.

फ्रेमोफ्रेम
+१. लाइकाही घ्या त्यात. अमेरिकेत ओरेगनमधली, बाहुल्यांवाली. ‘कोरालाइन’पासून (२००९) चेहरे थ्रीडी प्रिंट करतात, कपाळ वेगळं आणि तोंड वेगळं, चुंबकाने बसतात. म्हणजे थोडक्या भागांत हजारो जोड्या होतात. डोळ्यांजवळची फट शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर पुसतात. ‘कोरालाइन’मधल्या झाडावरचा मोहर म्हणजे रंगवलेले पॉपकॉर्न आहेत, हे तरी सांगा मुलांना.

निवांत
स्पायडर-व्हर्स बघताना आमच्या टीव्हीवर कधी अडखळल्यासारखं, कधी साबण लावल्यासारखं दिसतं. प्रिंट खराब आहे का?

फ्रेमोफ्रेम
प्रिंट ठीक आहे, टीव्ही आगाऊ आहे. त्यात बरीच हालचाल ‘टूज’वर आहे, एक पोझ दोन फ्रेम धरून, म्हणजे सेकंदाला १२ पोझेस. जंगलातल्या झोक्यांच्या प्रसंगात शिकाऊ स्पायडरमॅन माइल्स टूजवर आणि मुरलेला पीटर वन्सवर (दर फ्रेमला नवी पोझ) आहे, म्हणून माइल्स मागे पडल्यासारखा दिसतो. मोशन ब्लर (वेगामुळे येणारा धूसरपणा) जवळपास नाही. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतो आणि सगळी मेहनत पाण्यात. सेटिंगमध्ये पिक्चर, मग सॅमसंगला ऑटो मोशन प्लस, एलजीला ट्रूमोशन, सोनीला मोशनफ्लो, जे असेल ते बंद करा. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की एका झटक्यात बंद होतं. जिब्ली आणि आर्डमनसाठीही हेच.

निवांत
बंद केलं. आईशप्पथ. सासूबाईंच्या मालिकासुद्धा बऱ्या दिसतायत.

काजवा
मालिका बऱ्या दिसण्याचं सेटिंग अजून निघायचंय.

रंगपेटी
:D
कागदावर करणाऱ्यांसाठी राहिलेलं लिहिते. जिब्ली ज्या टून्झ सॉफ्टवेअरवर काम करायची त्याची मोफत आवृत्ती ओपनटून्झ, २०१६ पासून मिळते, धंद्याच्या कामालाही चालते. महागडी पेगबार (कागद जागच्या जागी धरणारी खुंट्यांची पट्टी) नको. ऑफिसातल्या दोन भोकांच्या पंचचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८ सेंमी असतं. हार्डबोर्डवर तेवढ्या अंतरावर ६ मिमीच्या दोन लाकडी काड्या चिकटवा, तुमच्या पंचचं भोक मोजून काडी घासून घ्या. ७० जीएसएमचा कागद, खाली काच आणि दिवा. भोकं झिजली की चित्र थरथरतं, म्हणून कागदाला आधी सेलोटेप लावून मग पंच मारा. स्कॅनरवरही तशीच पट्टी चिकटवायची, हा भाग सगळे विसरतात आणि मग प्रत्येक चित्र हाताने जुळवत बसतात.

३०० डीपीआयला स्कॅन, मग क्लीनअप. रंग पॅलेटशी बांधलेले असतात, त्यामुळे फ्रॉक निळ्याचा हिरवा करायचा तर पॅलेटमध्ये एकदाच, सगळ्या चित्रांत बदलतो.

मधली_सुट्टी
रंग भरला की पूर्ण पानभर सांडतो त्याचं काय?

रंगपेटी
रेषेत कुठेतरी फट आहे. बहुतेक काखेत किंवा केसांच्या टोकाशी. ऑटोक्लोज चालवा, अंतर कमीपासून वाढवत न्या, जास्त ठेवलंत तर बोटं एकमेकांना जोडली जातात. मुलीला एचबी ऐवजी २बी द्या, रेषा स्कॅनमध्ये तुटत नाही.