निबंधाचा साचा आधी, की मुलांचं म्हणणं आधी?

शेवंती
तालुक्याच्या गावी बीए प्रथम वर्षाला मराठी शिकवते. वाद व्हावा म्हणूनच स्पष्ट लिहिते: पहिल्या सत्रात मुलांना निबंधाचा साचा शिकवावा, आणि त्याची लाज वाटू देऊ नये. सुरुवातीला आपली भूमिका एका वाक्यात. मग एका परिच्छेदात एकच मुद्दा आणि त्याला आधार. कुठेतरी समोरच्याचं म्हणणं आणि त्याला उत्तर. मग थांबायचं. एवढंच.

का म्हणते ते सांगते. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. 'ही सवलत चालू ठेवावी का?' असा विषय दिला. घरोघरी बोलला जाणारा विषय, अडचण यायला नको होती. एका मुलीने सुरुवात केली ती अशी:

"आजचे युग हे स्त्री-पुरुष समानतेचे युग आहे. आज स्त्री प्रत्येक क्षेत्रात पुरुषाच्या खांद्याला खांदा लावून काम करत आहे. जिच्या हाती पाळण्याची दोरी, ती जगाते उद्धरी. एसटी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे. या योजनेचे जसे फायदे आहेत तसे तोटेही आहेत."

पाच वाक्यं झाली, बाई अजून स्टँडवर पोचल्या नाहीत. प्रश्न होता 'ठेवावी का', उत्तर आलं 'फायदेही, तोटेही'. वर्गातल्या बहुतेकांचं हेच. या मुलांना 'मुक्तपणे व्यक्त व्हा' सांगून काय होणार? आधी हातात काहीतरी द्यायला हवं.

तिरकस तात्या
सपशेल असहमत. ताई, तुम्ही जो उतारा डकवलाय तो साचा न शिकवल्यामुळे आलेला नाही, साचाच शिकवल्यामुळे आलाय. 'आजचे युग हे अमक्याचे युग आहे' हे त्या पोरीने स्वतः शोधून काढलंय का? गाईडमधून आलं, गाईडवाल्याने आधीच्या गाईडमधून उचललं. आता तुम्ही नवीन गाईड व्हा. पुढच्या वर्षी वाचाल: "माझी भूमिका अशी आहे की या योजनेचे फायदे आहेत तसे तोटेही आहेत." खाली तीन परिच्छेद: आर्थिक, सामाजिक, शैक्षणिक. हे तीन मुद्दे एसटीला चालतात, मोबाइलला चालतात, ऊसतोडीलाही चालतात.

खडूची धूळ
शाळेवर बिल फाडायच्या आधी आमचंही ऐका. दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक असे प्रकार असतात आणि मुलाला नदीचं, फाटक्या पुस्तकाचं नाहीतर वडाच्या झाडाचं मनोगत लिहायचं असतं. वैचारिक हा एक पर्याय असतो. हुशार मुलंसुद्धा आत्मकथन धरतात, कारण ते पाठ करून जाता येतं. दहावीपर्यंत ज्याला कोणी 'तुला काय वाटतं आणि का?' असं लेखी विचारलेलं नाही, त्याने कॉलेजात गेल्या गेल्या भूमिका मांडावी ही अपेक्षाच जास्त आहे. माझं मत शेवंतींच्या बाजूने. नदीच्या मनोगताला ज्यांचा हात बसलाय त्यांना वादाचा निबंध हा वेगळा प्रकार आहे हे कुणीतरी आखून दाखवायला पाहिजे.

शेवंती
तात्या, पुढचं ऐका. त्या मुलीला बोलावून विचारलं, तू रोज येतेस कशी? म्हणाली, "एसटीने. पण मॅडम, मला त्या अर्ध्या तिकिटाचा काही उपयोगच नाही. माझा पास आहे."

बरोबर आहे. विद्यार्थी पासला एक तृतीयांशच भाडं पडतं, म्हणजे दहा दिवसांचे पैसे भरून महिनाभर प्रवास. अर्ध्या तिकिटापेक्षा ते स्वस्तच. बारावीपर्यंत तर तिचा पास अहिल्यादेवी होळकर योजनेतून फुकट होता. कॉलेजात आल्यावर पैसे सुरू झाले. मग म्हणाली, "आई मात्र आता बाजाराच्या दिवशी स्वतः येते. आधी वडलांना यादी द्यायची." आणि जाता जाता: "आमच्याकडे संध्याकाळी साडेपाचनंतर गाडीच नाही. शेवटचा तास मी कधीच केलेला नाही."

हे सगळं तिच्याकडे होतं. निबंधात यातलं एक अक्षर नव्हतं. परत लिहून आणायला सांगितलं तेव्हा तिने हे एका दमात लिहिलं, एकच परिच्छेद, पूर्णविराम शोधावे लागतील असा. साचा कामी आला तो तिथे. आईचा एक परिच्छेद, पासचा दुसरा, साडेपाचच्या गाडीचा तिसरा. आणि वर एक वाक्य: "अर्धे तिकीट चालू ठेवावे, कारण त्याने माझ्या आईचा बाजार तिच्या हातात आला, पण कॉलेजच्या मुलींना सवलतीपेक्षा संध्याकाळची गाडी जास्त गरजेची आहे." हे वाक्य मी लिहून दिलेलं नाही.

तिरकस तात्या
म्हणजे माझंच म्हणणं तुम्ही सिद्ध केलंत की! निबंध कुठून आला? 'तू रोज येतेस कशी' या प्रश्नातून. साचा आला नंतर, माल भरून झाल्यावर बांधाबांध करायला. पहिल्या दिवशी फळ्यावर 'भूमिका – मुद्दा – आधार' लिहिलं असतंत तर साडेपाचची गाडी निबंधात आलीच नसती. तिला वाटलं असतं, गाडीचं वेळापत्रक हा काय मुद्दा झाला?

पेठेतला अभ्यासू
तात्या, हे सगळं वेळ असेल तेव्हा. मी पुण्यात यूपीएससी-एमपीएससी करतो. यूपीएससी मुख्यला निबंधाचा पेपर २५० गुणांचा, तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, हजार ते बाराशे शब्द. राज्यसेवा मुख्यसुद्धा आता वर्णनात्मक झाली, तिथेही निबंधाला २५० गुण. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि हा बदल २०२५वर गेला, ते आठवत असेल. आंदोलनात कारणं बरीच सांगितली गेली, पण आतली भीती ही होती की वर्षानुवर्षं पर्याय निवडून गोळे काळे करणाऱ्यांना सलग चार पानं लिहिता येत नव्हती. मलाही नव्हती. तिथे 'तू रोज कशी येतेस' विचारायला कोणी नसतं. विषय येतो एखाद्या सुभाषितासारखा, दीड तासात एक निबंध उरकायचा. साचा नसेल तर पहिला अर्धा तास कागदाकडे बघण्यात जातो.

क्लासवाले जे देतात ते मात्र भयंकर. पन्नास अवतरणं पाठ करा, गांधी-आंबेडकर-विवेकानंद, कुठेही चिकटवा.

तिरकस तात्या
@अभ्यासू, परीक्षेचा निबंध आणि कॉलेजचा निबंध एकच असं कोणी ठरवलं? बीएची सगळी पोरं काय कलेक्टर होणारेत?

पेठेतला अभ्यासू
होणार नाहीत, फॉर्म भरणार मात्र नक्की.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इकडे बहुतेक सगळ्या कॉलेजांत पहिल्या वर्षी लेखनाचा कोर्स सक्तीचा असतो, इंजिनियरिंगवाल्यालाही. म्हणजे निबंध हा भाषेच्या विभागाचा विषय समजतच नाहीत. आणि गंमत बघा, तुमचा वाद इथे जुना आहे. हायस्कूलमध्ये पाच परिच्छेदांचा निबंध घोटून घेतात: ओळख, तीन मुद्दे, समारोप. कॉलेजात गेल्यावर प्राध्यापक तोच साचा मोडायला सांगतात. माझी मुलगी चिडली होती, इतकी वर्षं जे शिकवलं ते विसरा म्हणतात म्हणून. पण मोडायला तिच्याकडे काहीतरी होतं. पुण्याहून थेट एमएसला आलेल्या आमच्या पिढीला परिच्छेद कुठे तोडायचा हेही माहीत नव्हतं. उत्तरपत्रिका भरायची सवय, जितकी पानं तितके गुण.

जाता जाता: प्रवेश-अर्जाचा निबंध हे वेगळंच प्रकरण. कॉमन ॲपला, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र चालणाऱ्या प्रवेश-अर्जाला, कमाल ६५० शब्द, त्यात स्वतःबद्दल सांगायचं. तिथे हा साचा लावला तर मुलगा स्वतःची जाहिरात केल्यासारखा वाटतो. इथल्या बऱ्याच देशी घरांत नेमकं तेच होतं: मुद्दा एक नेतृत्व, मुद्दा दोन समाजसेवा, मुद्दा तीन रोबोटिक्स.

जुनी पानं
एवढी चर्चा झाली आणि चिपळूणकरांचं नाव नाही? विष्णुशास्त्र्यांनी निबंधमाला हे मासिक १८७४ साली सुरू केलं, तेव्हा मराठीत निबंधाचे वर्ग कोण घेत होतं? सात वर्षं तो माणूस महिन्याच्या महिन्याला लिहीत राहिला. एकेक विषय अनेक अंक चालायचा. 'प्रति परिच्छेद एक मुद्दा' सांगायला गेला असतात तर तुमच्यावरच निबंध लिहिला असता. तात्यांना माझं मत.

शेवंती
जुनी पानं, उदाहरण चांगलं काढलंत, पण ते माझ्या बाजूने जातं. शास्त्रीबुवा इंग्रजी कॉलेजात शिकलेले, जॉन्सन आणि मेकॉले हे इंग्रजी निबंधकार त्यांनी पचवलेले. भलंमोठं वाक्य रचत नेऊन शेवटी प्रतिपक्षाला आपटायचं, हा घाट त्यांनी कुठेतरी पाहिलेला होता. माझ्या वर्गातल्या मुलांनी वादाचा एकही चांगला मराठी निबंध अख्खा वाचलेला नसतो. बारावीपर्यंत पुस्तकात असतात ते उतारे.

जुनी पानं
मग साचा कशाला, नमुने द्या! चार चांगले लेख वाचून घ्या आणि विचारा, याने विरोधकाचं म्हणणं कुठे आणलं, किती प्रामाणिकपणे आणलं. रोजचा अग्रलेखही चालेल. वाईट असला तर आणखी बरं, पोरं सोलून काढतील.

शेवंती
हे पटलं. करते. वाईट अग्रलेखांचा तुटवडा नाही.

तासिका तत्त्व
एक अडचण कोणी बोलत नाहीये, मी बोलतो. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतो, दोन कॉलेजांत. तासाचे पैसे मिळतात, तपासण्याचे नाही. साच्यातला निबंध पटापट तपासून होतो: भूमिका आहे, मुद्दे आहेत, खूण, खूण, गुण. साडेपाचच्या गाडीचा निबंध नीट वाचावा लागतो, समासात लिहावं लागतं, मुलीला बोलवावं लागतं. शेवंती मॅडमनी एका मुलीचं केलं, कौतुक आहे. वर्गातल्या सगळ्यांचं कधी करणार? साचा टिकून राहतो तो मास्तरच्या सोयीने. साच्याच्या बाजूचे आणि विरोधातले दोघंही हे सोडून बोलताय.

तिरकस तात्या
तासिका तत्त्व, तुमच्याशी वाद नाही. पण म्हणून सोयीला शिक्षणशास्त्र म्हणू नका, एवढंच.

नवा भिडू
बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खरं सांगू का, साच्यातला निबंध चॅटजीपीटी अर्ध्या मिनिटात देतं. भूमिका, तीन मुद्दे, विरोधी बाजू, सगळं असतं. आमच्या वर्गात निम्म्यांचे असेच होते आणि गुण बरे पडले. सर म्हणाले, भाषा सुधारली.

तिरकस तात्या
घ्या!

शेवंती
नवा भिडू, म्हणून मी आता विषय वर्गातच देते, कागदावर, एका तासात. घरी नाही. आणि त्यात आपल्या गावातली किंवा घरातली एक गोष्ट आधार म्हणून आलीच पाहिजे, जी मी उलटून विचारू शकेन. तरी तात्यांच्या 'घ्या'ला पूर्ण उत्तर नाही हे खरं. साचा जर यंत्राला येतो तर मुलाला तो शिकवायचा कशाला, हा प्रश्न उरतोच. माझं आत्ताचं उत्तर असं: साचा येत असल्याशिवाय यंत्राने दिलेल्या निबंधात काय नाही हे त्याला कळणार नाही. आधार म्हणून आकडा दिलाय तो कुठला, विरोधी बाजू म्हणून जे मांडलंय ते खरंच कोणी बोलतं का, हे विचारता यायला पाहिजे.

खडूची धूळ
तासिका तत्त्वच्या मुद्द्यावर एक सुचवते. सगळ्यांचा पूर्ण निबंध तपासू नका. पहिल्या खेपेला फक्त भूमिकेचं एक वाक्य लिहून घ्या, तेवढंच तपासा. तासाभरात सगळा वर्ग होतो. ज्याच्या वाक्यात 'फायदेही, तोटेही' आहे त्याला एकच शेरा: "मग ठेवायची की नाही?" आम्ही नववीला करतो, चालतं.

तासिका तत्त्व
हे जमेल. पण तात्यांचा क्रम ठेवतो. आधी तोंडी विचारतो, घरून कॉलेजला कसे येता, मग वाक्य. दोन्हीला मिळून एक तास पुरेल असं दिसतंय. मात्र गुणांच्या तक्त्यात याला रकाना नाही, तेव्हा मुलं 'सर, हे गुणांना आहे का?' विचारणार, त्याचं काय सांगता?

खडूची धूळ
आहे म्हणून सांगा. अंतर्गत मूल्यमापनात उपस्थितीचे गुण कसे देतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे, त्यातून काढा दोन.