फजिती, पचका, उपद्व्याप: कॉलेजच्या मित्रांत आठवून हसतो त्या प्रकाराला नेमकं काय म्हणायचं?

कॉलेजात केलेला एखादा आचरटपणा त्या वेळी अंगाशी येतो आणि पुढे जुने मित्र भेटले की त्याच्यावरच सगळे पोट धरून हसतात. याला मराठीत एक नेमका शब्द आहे का, असा प्रश्न आहे. पचका, पोपट, गोची, घोळ, उपद्व्याप, प्रताप, फजिती असे बरेच शब्द सुचवले गेलेत. माझं मत फजितीला. बाकीचेही चांगले शब्द आहेत, पण त्यांची जागा निराळी आहे.

एक प्रसंग घेऊ म्हणजे फरक कळेल. वर्गात हजेरी चालू आहे. आमच्यातल्या एकाने दुसऱ्याची प्रॉक्सी लावायचं कबूल केलेलं. नंबर पुकारला जातो. हा मान खाली घालून, घसा बसल्यासारखा आवाज काढून ‘येस सर’ म्हणतो, आणि नेमका त्याच क्षणी मागच्या दारातून धापा टाकत आत शिरलेला मूळ मालकही ‘येस सर’ म्हणतो. सर चष्मा कपाळावर सरकवतात. ‘दोघेही उभे राहा. बघू तरी.’

आता यात आवाज बदलून हजेरी लावणं हा उपद्व्याप. घसा बसवायची एवढी मेहनत फुकट गेली, तो पचका. ‘यातला खरा कोण?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं तर मित्र अडकतो, न दिलं तर स्वतःची हजेरी जाते, ही मागून आलेल्याची गोची. पोपट इथे झालेलाच नाही. मागचा मुद्दाम दाराशी टपून बसला असता आणि मित्राला तोंडघशी पाडायचं आधीच ठरवून आला असता, तर झाला असता. पोपट करणारा कुणीतरी लागतो. सरांनी हीच गोष्ट घरी कळवली असती तर वडिलांच्या तोंडी शब्द आला असता ‘प्रताप’. आणि साठसत्तर पोरांसमोर दोघे मान खाली घालून उभे राहिले, ती फजिती.

म्हणजे उपद्व्याप आपण करतो आणि फजिती आपली होते. जुन्या मित्रांत जो किस्सा पुन्हापुन्हा निघतो, त्यात ही दोन्ही लागतात. नुसता उपद्व्याप असेल आणि तो निभावून गेला असेल, तर ती फुशारकी होते, एकदा ऐकून लोक विसरतात. आणि स्वतः काही न करता नुसती फजिती झाली असेल, तर ऐकणाऱ्याला हसण्याआधी वाईट वाटतं.

फजिती हा शब्द मुळात अरबी ‘फजीहत’, फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ चांगलाच जहाल आहे: बेअब्रू, चारचौघांत जाणारी लाज. हिंदीतल्या ‘फजीहत’मध्ये ती धार अजून बरीच शिल्लक आहे. मराठीतही ती गेलेली नाही. ‘विरोधकांनी सरकारची फजिती केली’ या वाक्यात कुणी गंमत करत नाही. धार कमी होते ती आधीच्या सर्वनामामुळे. ‘त्याची फजिती’ बोचू शकते, ‘आमची फजिती’ बोचत नाही, आणि ‘आपली फजिती’ तर गोडच लागते.

या ‘आमची’ आणि ‘आपली’वर मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण मराठीची खरी ताकद इथे दिसते. हाच किस्सा बायकोला किंवा मुलांना सांगताना आपण म्हणतो, ‘आमची काय फजिती झाली होती!’ त्या ‘आमची’त ऐकणारा नाही. त्याच संध्याकाळी तोच जुना मित्र समोर बसला की आपसूक तोंडून येतं, ‘आपली काय फजिती झाली होती रे!’ ऐकणाऱ्यालाही आत घेतलं. कुणी शिकवावं लागत नाही, कुणी चुकतही नाही. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’ आणि ‘हमारी’वर भागवावं लागतं. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहे, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ आहे, म्हणजे ही सोय काही एकट्या मराठीची नाही. पण ज्या भाषेत ती आहे, तिच्यात कोण त्या प्रसंगात होतं आणि कोण नुसतं ऐकतंय हे एका सर्वनामात कळतं. मित्रांच्या बैठकीत नवीन माणूस आला असेल तर लक्ष देऊन ऐका; सांगणारा त्याच्याकडे वळला की ‘आमची’, मित्राकडे वळला की ‘आपली’.

दुसरी गंमत क्रियापदाची. फजिती ‘होते’, तशी ‘उडते’ही. तारांबळ उडते, त्रेधातिरपीट उडते, भंबेरी उडते, गाळण उडते, घाबरगुंडी उडते. आपल्या हातात काही राहिलं नाही, असा या सगळ्यांचा भाव. आणि नंतर मित्र काय करतात? टर उडवतात, खिल्ली उडवतात, थट्टा उडवतात. तेच क्रियापद, फक्त प्रयोजक झालं, म्हणजे आपोआप उडत होतं ते आता कुणीतरी उडवतं. (यातल्या ‘त्रेधा’चा संस्कृत अर्थ ‘तीन प्रकारे’ असा आहे. माणूस तीन दिशांना ओढला जातोय असं चित्र डोळ्यांसमोर येतं, म्हणून मला तो तारांबळीपेक्षा जास्त आवडतो.)

‘वळणे’चंही असंच. सरांसमोर उभं राहिल्यावर बोबडी वळली होती. आता तो प्रसंग आठवून मुरकुंडी वळते. मुरकुंडी वळणं म्हणजे हसता हसता अंग आवळून दुमडलं जाणं. या हसण्याला माझ्या मते हाच शब्द चपखल. ‘खसखस पिकली’ सभेत वक्त्याच्या विनोदावर शोभतं. ‘खिदळणे’ हा बाजूने जाणाऱ्या वडीलधाऱ्यांचा शब्द, त्यात नापसंती आहे. ‘फिदीफिदी’ हसणाऱ्यात थोडा दुष्टावा असतो. ज्याची फजिती झाली तोही इतक्याच जोरात हसत असेल तिथे तो चालायचा नाही.

लेखनाबद्दलही विचारलं आहे: फजिती की फजीती? जि ऱ्हस्वच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणे, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडले तर, शेवटचं अक्षर दीर्घ असेल तेव्हा त्याच्या आधीचा इकार ऱ्हस्व, आणि शब्द अकारान्त (शेवटी ‘अ’ असलेला) असेल तेव्हा आधीचा इकार दीर्घ. गरीब पण गरिबी, वकील पण वकिली, तसंच फजीत पण फजिती. जुन्या मराठीत ‘फजीत पावणे’ असा प्रयोग आहे, तिथे जी दीर्घ आहे ती याच कारणाने. आणि उपद्व्याप लिहिताना द ला आधी व, मग य. बोलताना ‘उपद्याप’ ऐकू येतं, पण लिहिताना व गाळू नये.