मदत हवी आहे: किराण्याचं कूपन लागत नाहीये, आणि मुळात या भानगडीत पडावं का?

ओवी_मी:
किराण्याच्या ॲपवर कूपन लावतेय. ९९९ च्या वर २०% सूट, कमाल १००. माझी ऑर्डर १३४० ची झालीये तरी 'आणखी ७९ रुपयांचा माल घाला' असंच येतंय. लॉगआउट, लॉगिन सगळं करून झालं. ऑफर आज रात्री १२ ला संपतेय. आणि एवढा वेळ घालवून खरंच काही वाचतं का? घरात यावरून रोज कटकट. लवकर सांगा प्लीज.

हिशेबी_माणूस:
ॲप कोणतं? शहर? पैसे कार्डाने देताय की यूपीआयने?

भाऊ_डोंबिवली:
डीमार्टला जा. कूपन नको, कोड नको, छापील किमतीपेक्षा कमीच लावतात. फक्त रविवारी जाऊ नका.

ओवी_मी:
सध्या घराबाहेर पडता येत नाही हो. ॲप कुठलं याने काय फरक पडतो?

हिशेबी_माणूस:
पडतो. काही कूपनं ठरावीक बँकेच्या कार्डालाच असतात. बरं, ऑर्डरमध्ये काय काय आहे ते तरी सांगा. तेल, साखर, तूप बऱ्याचदा वगळलेलं असतं. कूपनाखाली बारीक अक्षरात 'अटी लागू' असतं, त्यावर टिचकी मारा.

ओवी_मी:
नेहमीचंच सामान. तांदूळ, पोहे, शेंगदाणे, साबण, डायपर, बाळाचा डबा. तेल नाहीये.

मृण्मयी_फ:
बाळाचा डबा म्हणजे दुधाच्या पावडरीचा? केवढ्याचा?

ओवी_मी:
हो. ४२०.

मृण्मयी_फ:
मग झालं की! १३४० मधून ४२० गेले, उरले ९२०. ९९९ ला ७९ च कमी. दोन वर्षांखालच्या बाळांचं पावडरचं दूध, बाटल्या, बेबी फूड यांच्या विक्रीसाठी आमिष दाखवायला कायद्याने बंदी आहे. कायदा १९९२ चा, २००३ मध्ये आणखी कडक केला. आईच्या दुधाऐवजी लोकांनी सवलतीच्या नादाने डबा घेऊ नये म्हणून. डायपर त्यात येत नाहीत.

शुभदा_काकू:
बाळ किती महिन्यांचं आहे गं? वरचं दूध इतक्यात कशाला सुरू केलंस? अळिवाची खीर खा, शतावरी कल्प घे. माझ्या सुनेला डिंकाच्या लाडवांचा चांगला उपयोग झाला.

ओवी_मी:
काकू, प्रश्न कूपनाचा आहे.

मृण्मयी_फ:
काकू, डॉक्टरांनी सांगितलं असेल तिला. राहू द्या.

हिशेबी_माणूस:
आता अर्थ आहे का त्याबद्दल. ७९ भरायला ९० ची बिस्किटं घेतलीत, जी एरवी घेतली नसतीत, तर वाचले फक्त १० रुपये. वर हँडलिंग आणि डिलिव्हरी चार्ज बघा, तेच त्याहून जास्त निघतात. पुढच्या आठवड्यात लागणारच आहे अशी तूरडाळ घातलीत तर मात्र १०० खरे. आणि 'कमाल १००' असल्यामुळे ५०० च्या पुढे २०% ला काही अर्थ उरत नाही. ९९९ वर ती सूट जेमतेम १०% च पडते.

भाऊ_डोंबिवली:
म्हणूनच म्हणतो, डीमार्ट.

हिशेबी_माणूस:
भाऊ, तुमच्या रिक्षाचे पैसे धरलेत का? आणि तिथे गेल्यावर प्लास्टिकचे डबे, पायपुसणी उचलता ती?

भाऊ_डोंबिवली:
मी चालत जातो. पायपुसण्या चांगल्या असतात.

वाणी_जिंदाबाद:
दोघंही चूक. आमचा वाणी फोनवर यादी घेतो, पोरगं पाठवतो, पैसे महिन्याअखेरीला. डाळीत खडा निघाला तर बदलून देतो. ॲपवाला देईल का?

हिशेबी_माणूस:
ॲपवालाही परत घेतो. वाण्याकडे दर विचारा आधी.

सातारकर_नितीन:
सूट बघण्यापेक्षा पाकिटावरची युनिट किंमत बघा. किलोच्या आतलं असेल तर ग्रॅममागे, वरचं असेल तर किलोमागे छापलेली असते. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त पडतंच असं नाही. आणि पैसे भरण्याआधी देणगी किंवा आणखी काही परस्पर जोडलंय का ते तपासा. असं न विचारता जोडणं, खोटी घाई करणं, हे २०२३ च्या डार्क पॅटर्न (म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या) नियमांत बसत नाही. तक्रार १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. ते 'रात्री १२ ला संपतंय' मी तरी फारसं मनावर घेत नाही. उद्या दुसरं येतं.

ओवी_मी:
अर्धा किलो तूरडाळ घातली, कूपन लागलं. ५ रुपयांची देणगी खरंच जोडलेली होती, काढली. डिलिव्हरी फुकट, हँडलिंग १२. म्हणजे निव्वळ ८८ वाचले. मृण्मयी, नितीन, हिशेबी, धन्यवाद. रोज मात्र हे करणार नाही, महिन्याच्या मोठ्या यादीपुरतंच.

शुभदा_काकू:
तूरडाळ कुठली घेतलीस? पॉलिशवाली घेऊ नकोस.

वाणी_जिंदाबाद:
८८ रुपयांसाठी एवढा धागा!

मृण्मयी_फ:
तुम्ही का वाचताय मग?

मडगावची_पोर:
उशिरा आले. डब्याचा तो नियम मेडिकलवाल्यांनाही लागू आहे का? आमचा कोपऱ्यावरचा तर १०% सोडतो.