मेफेंटरमाइन एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात, टाकावं का?

डंबेलदास: आमच्या जिममधला २४ वर्षांचा पोरगा सकाळी उठला तर उजव्या डोळ्यापुढं अंधार. दुखणं नाही, लाली नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याची रोहिणी बंद पडलीय. खोदून विचारल्यावर कबूल झाला, वर्षभर व्यायामाआधी मेफेंटरमाइन, म्हणजे बीपी वाढवायचं इंजेक्शन, टोचून घ्यायचा. २०१५ साली एमडी (मेफेड्रोन ही नशेची पावडर) एनडीपीएस कायद्यात घातली, तसं हेही घाला. विषय संपला.

रांगडा_सातारी: एका पोरावरून कायदा? त्याला आधीपासून काय होतं कुणास ठाऊक. बीपी तर चहानंही वाढतो. मी मापात घेतो, काही झालं नाही.

भूलवाली: सातारी दादा, मी हेच औषध रोज हाताळते. सिझेरियनला पाठीत भूल दिली की बाईचं बीपी धाडकन पडतं, तेव्हा मोजून देते, मॉनिटरवर डोळे लावून. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेलं नॉरॲड्रेनलिन बाहेर काढतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय जोरात धावतं. साठा रिता झाला की तोच डोस कमी लागू पडतो. मग जिमवाला डोस वाढवतो, इथंच तुमचं ‘माप’ संपतं. पडद्याच्या आतल्या थराला रक्त पुरवणारी मुख्य रोहिणी एकच. ती तुंबली तर काही तासांत तो थर मरतो, गेलेली नजर बहुधा परत येत नाही.

तरीही डंबेलदास, तुम्हाला माझा विरोधच. १९८५च्या याच एनडीपीएस कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन दुर्मिळ झालं, कॅन्सरचे रुग्ण कळवळत राहिले. दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं. तालुक्याच्या रुग्णालयात उद्या ही कुपी नसली तर त्या बाळंतिणीचं काय?

डंबेलदास: ताई, मग चिठ्ठीशिवाय मिळतंच कसं? आणि वाडाच्या (खेळातली उत्तेजकं रोखणारी जागतिक संस्था) बंदी यादीत हे उत्तेजक आहे, ते काय उगाच?

रांगडा_सातारी: वाडा खेळाडूंसाठी. मी कुठं स्पर्धेत उतरतोय!

गल्लीतला_केमिस्ट: नेहमीप्रमाणे खापर आमच्यावर. माझ्या काउंटरवर ही कुपी वर्षात एकदाही मागायला कुणी येत नाही, ती ऑपरेशन थिएटरची चीज. शंभर-शंभर कुप्या कोण उचलतो ते घाऊकवाल्याच्या बिलात दिसतं. औषध निरीक्षकानं तेवढं बघावं, नवा कायदा कशाला?

डंबेलदास: बिलाचं पटलं. पण कुरिअरनं बिनबिलाचा माल येतो, त्याचं?

भूलवाली: एमडीचाही येतोच की, एनडीपीएस असून.