गूगल अ‍ॅनालिटिक्स काढणं म्हणजे थेरं?

मृद्गंध: परवा इथे हिशेबी यांनी लिहिलं, "छोट्या साइटवाल्यांनी प्रायव्हसीची थेरं करू नयेत. गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट आहे, लावा आणि गप्प बसा." वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझी पाककृतींची साइट. किती जण आले, कुठून आले, काय वाचलं, एवढंच मला हवं. त्यासाठी गूगलच्या या भेटी मोजणाऱ्या साधनासारखी वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे त्याला पुन्हा ओळखायची खूण, कशाला सोडू? प्लॉजिबल हे भेटी मोजणारं दुसरं साधन कुकी लावतच नाही. आयपी (वाचकाच्या इंटरनेट-जोडणीचा पत्ता), ब्राउझर वगैरेचा हॅश, म्हणजे उलट न उलगडणारा सांकेतिक आकडा, करतं आणि त्यात मिसळलेली गुप्त अक्षरं, म्हणजे सॉल्ट, रोज बदलतं. कालचा वाचक आज ओळखूच येत नाही. माझे बरेच वाचक जर्मनीत आहेत, म्हणजे युरोपचा गोपनीयता कायदा आलाच. त्याच कायद्याखाली ऑस्ट्रियाच्या माहिती-संरक्षण नियामकाने जानेवारी २०२२ मध्ये आणि फ्रान्सच्या नियामकाने पुढच्याच महिन्यात गूगल अ‍ॅनालिटिक्सविरुद्ध निर्णय जाहीर केले, ते उगाच?

हिशेबी: वाक्य माझंच, मागे घेणार नाही. ते निर्णय डेटा अमेरिकेत जाण्यावरून होते. जुलै २०२३ मध्ये असा डेटा पाठवायची युरोप-अमेरिकेची नवी व्यवस्था आली. आणि रोज बदलणारं सॉल्ट माझ्या काय कामाचं? मी दिवाळी अंक विकतो. माणूस आज अंक बघतो, पगार झाला की घेतो. मधला दुवाच तुटला तर कोणत्या जाहिरातीचे पैसे वसूल झाले, कळणार कसं? शिवाय क्रोम हल्ली बहुतेक अँड्रॉइड फोनांची ओळख, मॉडेल कोणतंही असो, 'अँड्रॉइड १०; के' अशीच देतो. मोबाइल कंपनीच्या एकाच आयपीमागे दहा जण असले की तुमच्या हॅशला तो एकच माणूस!

लॉगवाला: पानात मोजणीची स्क्रिप्ट हवीच कशाला? माटोमो या मोजणी-साधनात सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं त्याच्या नोंदी, आयात होतात.

हिशेबी: आणि त्या नोंदींतला बॉटांचा, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांचा, उकिरडा कोण उपसणार?

रात्रपाळी: मृद्गंधताई, तुमची साइट उघडली. एफ१२ दाबून नेटवर्क टॅब बघा. मुक्ता फॉन्ट थेट गूगलच्या सर्व्हरवरून येतोय, म्हणजे वाचकाचा आयपी गेलाच तिकडे. याच कारणावरून म्युनिकच्या कोर्टाने २० जानेवारी २०२२ला एका साइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली.

मृद्गंध: फॉन्ट स्वतःकडे ठेवून पाहिलाय हो! नको ती अक्षरं काढून फाइल छोटी केली की 'पुऱ्या' आणि 'भाकऱ्या' तुटतात. मराठीत लिहिणाऱ्यांनी काय करायचं, हे एकही माहितीपान सांगत नाही!

रात्रपाळी: छोटी करताना जीएसयूबी टेबल, म्हणजे फॉन्टमधली अक्षररूपं बदलायच्या नियमांची यादी, उडालं असणार. जोडाक्षरं त्यावरच जुळतात. अख्खी वॉफ२ (वेबसाठी दाबून लहान केलेला फॉन्ट) फाइल ठेवा.

लॉगवाला: अख्खी फाइल? गावाकडच्या नेटवर?

रात्रपाळी: एकदा उतरली की कॅशमध्ये, म्हणजे वाचकाच्या ब्राउझरच्या साठ्यात, राहते. गावाचं नाव पुढे करून दर वेळी गूगलची वकिली नको.

हिशेबी: फॉन्ट पुरे! पाककृतींना कुकी लागत नाही, एवढं मान्य. दुकानाला लागते.

मृद्गंध: मग दुकानाने विचारून लावावी, आणि 'नको'चं बटण 'हो'एवढंच ठळक ठेवावं. नाहीतर प्रत्येक जाहिरातीत वेगळा कूपन कोड द्या. अंक महिन्याने घेतला तरी कोणती जाहिरात चालली ते कळेल, कोणाच्या मागावर न राहता.

हिशेबी: कूपन या दिवाळीला लावून बघतो. पण कूपन न वापरता घेणारे त्यात धरलेच जाणार नाहीत, तेव्हा अ‍ॅनालिटिक्स काढणार नाही.