सप्ताहाचे उरलेले पैसे: शाळेला टॅब घ्यावेत की माणूस ठेवावा?

गोदाकाठचा
जिंतूर तालुक्यातलं गाव. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पट ८४, शिक्षक चार. मी शाळा व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहे. यंदा हरिनाम सप्ताहाचा खर्च भागून १ लाख ४० हजार उरले आणि पैसा शाळेला द्यायचा असं गावानं ठरवलं. इथपर्यंत एकमत. भांडण पुढं सुरू झालं. निम्मे म्हणतात २० टॅब घ्या, पोरं मागं पडतील. निम्मे म्हणतात गावातलीच डी.एड. झालेली एक पोरगी आहे, तिला वर्षभर मानधनावर घ्या, दुसरी-तिसरीच्या लेकरांना वाचायला बसवेल.

शेजारच्या गावात तीन वर्षांमागं असेच टॅब आले होते. फेटे, नारळ, फोटो, सगळं झालं. परवा त्या शाळेत गेलो होतो, कपाट उघडायला लावलं. अकरा टॅबचं वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या शर्टाच्या खिशात. मी टॅबच्या विरोधात आहे, लपवत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी मला पटवावं.

दोनशिक्षकी
किल्ली खिशात का असते ते आधी ऐका. वस्तू शाळेत आली की डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत चढते. बदली झाली, पुढच्या माणसाकडं कारभार सोपवायची वेळ आली आणि एक जरी कमी भरला तर उत्तर मुख्याध्यापकानं द्यायचं. लेकराच्या हातून पडला, काच फुटली, तरी तेच. मग माणूस शहाणपणा करतो, कुलूप लावतो. यात आळस कमी आणि भीती जास्त आहे. गावानं "फुटला तर गाव बघेल" असं ठरावात लिहून दिलं असतं तर त्या अकरांचं प्लास्टिक निघालं असतं.

आता माझ्या वर्गाचं. माझ्याकडे सहाच टॅब आहेत, तेही दोन प्रकारचे. मी त्यांवर धडे दाखवत नाही, लेकरांचं वाचन रेकॉर्ड करते. चौथीत तांड्यावरची एक मुलगी आहे. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, मराठी तिला शाळेतच भेटते. वाचताना 'प्रश्न'चं 'पश्न', 'ग्रह'चं 'गर'. मी वर्षभर सांगून थकले. एकदा तिचं तिलाच ऐकवलं. दोन ओळी ऐकल्या आणि म्हणाली, "बाई, ही मीच का?" मग टॅब घेऊन व्हरांड्याच्या कोपऱ्यात गेली आणि तोच परिच्छेद सात वेळा वाचला. सातव्यांदा मला बोलावून ऐकवलं. तिची चूक मी शंभरदा दाखवली होती, पण तिला स्वतःला ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

खडूफळा
बाई, मीही टॅबच्या विरोधातच. किस्सा चांगला आहे, पण तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. आवाज रेकॉर्ड करायला तुमच्या खिशातला फोन चालतो. त्यासाठी १ लाख ४० हजार कशाला घालायचे?

दोनशिक्षकी
३४ लेकरं आणि एक फोन. त्यावर दिवसभर माहिती मागणारे मेसेज, पोर्टल, फोटो पाठवा, लिंक भरा. तो फोन लेकराच्या हाती देऊन पाहा एकदा.

आकडेमोड
दोन्ही बाजूंनी भावना फार झाल्या. पेरू देशानं खेड्यापाड्यांतल्या मुलांना ८ लाखांवर लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांत तपासणी झाली, २०१२ ला निकाल आला. गणितात आणि भाषेत फरक नाही. स्वीडनसारख्या देशानं २०२३ मध्ये लहान मुलांच्या वर्गांतले स्क्रीन कमी करून छापील पुस्तकांसाठी पैसे काढले. आपल्याकडचं बघा. मुलांना काय येतं ते गावोगाव तपासणाऱ्या 'असर' पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातली १४ ते १६ वयाची ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरता येतो म्हणाली. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरलेली ५७ टक्के आणि सोशल मीडियासाठी ७६ टक्के. म्हणजे "पोरं मागं पडतील" ही भीती खोटी आहे. यंत्र त्यांना येतं. वाचता येत नाही, तो प्रश्न आहे.

खडूफळा
+१. गावाचा ठराव इथंच झाला म्हणायचा.

आकडेमोड
थांबा, टाळ्या लवकर वाजवू नका. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरचा प्रयोग झाला होता. साडेचार महिन्यांत गणितातली प्रगती इतर मुलांच्या दुपटीहून जास्त. कारण सॉफ्टवेअर आधी लेकराची पातळी शोधतं. सातवीतल्या मुलाला चौथीचं येत नसेल तर चौथीपासून सुरू करतं. पण तिथं ४५ मिनिटं स्क्रीन आणि ४५ मिनिटं छोट्या गटात शिकवणारा माणूस होता. यंत्र आणि माणूस वेगळे काढून मोजलेच नाहीत, त्यामुळे हा आकडा कुणीच आपल्या खिशात घालू नये.

कोयत्याचा पोरगा
मी बीड जिल्ह्यातला, आता पुण्यात नोकरीला. माझे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की टोळी निघायची, पाडव्याच्या आसपास परत. आजीच्या भरवशावर मला गावातच हंगामी वसतिगृहात ठेवायचे, पण आजी वारली त्या वर्षी मी पाचवीत असताना फडावर गेलो. पाच महिने शाळा नाही. परत आलो तर गुरुजी अपूर्णांकाच्या भागाकारावर होते आणि मला अपूर्णांक म्हणजेच काय ते ठाऊक नव्हतं. तो खड्डा दहावीपर्यंत भरला नाही.

इथं सगळे शाळेत बसलेल्या लेकराचा विचार करताय. जो शाळेत नाहीच त्याचं काय? बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड, दीक्षा हे सरकारी अभ्यासाचं अ‍ॅप, हे सगळं आधी डाउनलोड करून दिलं तर नेट नसलं तरी चालतं. कोपीत, म्हणजे तोडीवरच्या झोपडीत, लाइट नसते हे खरं. पण मोबाइल आमच्या टोळीतले सगळे चार्ज करायचे, कारखान्याच्या गेटजवळच्या टपरीवर पाच रुपयात. वीस टॅब वर्गात ठेवू नका. चार घ्या आणि जे लेकरू आईबापासोबत निघालंय त्याच्या पिशवीत घाला.

दोनशिक्षकी
आणि डेडस्टॉक रजिस्टर? :) तरी मुद्दा पटला.

खडूफळा
भावनेचा आदर ठेवून बोलतो. पाचवीतलं पोर फडावर वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधतं, पाणी आणतं, लहान भावंडं सांभाळतं. संध्याकाळी कोपीत बसून ते अपूर्णांक शिकेल असं खरंच वाटतं का? टॅब दिला की आपलं मन मोकळं, लेकरू तिथंच. त्याला गावात ठेवून घेणं हेच काम आहे. त्याला माणूस लागतो, जेवण लागतं, रात्री जवळ झोपणारी म्हातारी लागते.

कोयत्याचा पोरगा
म्हातारी वारली होती हे मी वर लिहिलंय.

खडूफळा
चुकलं माझं. मुद्दा सोडत नाही, पण चुकलं.

लातूरचा रिपेअरवाला
मी दुकानदार. शिक्षणातलं कळत नाही, टॅबमधलं कळतं. शाळांचे टॅब माझ्याकडं दर जूनला गठ्ठ्यानं येतात. मार्चअखेर कपाटात ठेवतात, वर पत्र्याचं छत, आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. पूर्ण डिस्चार्ज होऊन दीड-दोन महिने पडलेली बॅटरी जूनमध्ये एक तर चार्ज धरत नाही, नाहीतर पापडासारखी फुगलेली. मागचं झाकण हातानं उचलतं. दुसरा रोग चार्जिंगची पिन. वर्गात एकच बोर्ड, त्याला लटकवलेली एक्स्टेंशन, वीस वायरी. कुणीतरी पाय अडकवतं, पिन आतून तुटते. शाळेतला टॅब अभ्यासानं झिजलेला मी क्वचितच पाहिलाय.

घेणार असाल तर हे करा: सुट्टीत कपाटात ठेवू नका, शिक्षकानं किंवा समितीच्या माणसानं घरी नेऊन पंधरा दिवसाला बॅटरी निम्मी भरेल इतके चार्ज करावेत. आणि डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की आठ-आठ दिवस लाइट नसते, तेव्हाचं आधी ठरवा.

नांदेडची आई
माझी मुलगी खासगी शाळेत. नाव घेत नाही. तिथं टॅब सक्तीचा, पैसे आमचे. होमवर्क अ‍ॅपवर, चार पर्यायांतला एक दाबायचा. मुलगी तिसऱ्या वर्गात आहे, पर्याय न वाचता दाबते, चूक आलं की दुसरा दाबते, हिरवं होईपर्यंत. आणि हिरवं झालं की शाळेकडून मला अभिनंदनाचा मेसेज. वहीत पाच ओळी लिहायला सांगितल्या तर हात दुखतो म्हणते. गोदाकाठचे भाऊ, तुम्ही माणूस ठेवा.

गोदाकाठचा
सगळं वाचलं. रिपेअरवाल्यांचं वाचून आमच्या सरपंचांनाच पाठवलं.

रात्री बसून हिशोब मांडला. त्या डी.एड. पोरीला महिना ८ हजार, दहा महिने म्हणजे ८० हजार. सात हजारांचे सहा टॅब, ४२ हजार. उरतात १८ हजार, त्यात वर्गाची वायरिंग आणि एक इन्व्हर्टर बॅटरी बसते का बघतो. वाचन रेकॉर्डिंगची युक्ती तिच्याच हाती द्यायची. सहापैकी दोन टॅब तोडीला जाणाऱ्या घरांसाठी, आमच्याही गावातनं आठ-दहा घरं जातात. समितीत विरोध होणार. "वीस का नाहीत" म्हणणारे आहेतच, कारण वीसचा फोटो मोठा येतो.

खडूफळा
पुढच्या वर्षी तिचं मानधन कुठून देणार? सप्ताहाचे पैसे दरवर्षी उरत नसतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं अनुदान तुमच्या पटाला वर्षाला २५ हजार. त्यातच खडू, दुरुस्ती, सफाई आणि वीजबिल.

गोदाकाठचा
माहीत नाही. पण एका वर्षात तिसरीची २२ लेकरं वाचायला लागली तर वर्गणी मागायला मला तोंड राहील.

दोनशिक्षकी
ठरावात "फुटला तर गाव बघेल" हे वाक्य विसरू नका. ग्रामसेवकाच्या अक्षरात, सहीशिक्क्यासकट.

लातूरचा रिपेअरवाला
आणि खोके फेकू नका, बिल खोक्यातच ठेवा. वॉरंटीला आणताना शाळेकडं बिल कधीच नसतं.